इंजिन बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी केबिनमध्ये झोपून दाखवावं

आमचं घर कशेळ्यात, मुरबाड रस्त्याला लागून. घरापुढे थोडी मोकळी जागा आहे आणि एक जुना आंबा. रात्री अकरानंतर त्या जागेत ट्रक येऊन थांबतात. खोपोली-खालापूरकडून माल भरून, कर्जत ओलांडून, मुरबाड-शहापूरमार्गे नाशिकच्या वाटेला लागलेले. ड्रायव्हर हँडब्रेक लावतो, दिवे बंद करतो, पडदा ओढतो. इंजिन मात्र चालूच ठेवतो. मग आमच्या खिडकीच्या काचेला जी बारीक थरथर सुटते ती पहाटे ट्रक निघेपर्यंत थांबत नाही.

आईला दम्याचा त्रास आहे. ती खिडकी लावून घेते. मे महिन्यात कर्जत तालुक्यात खिडकी लावून झोपणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि रात्री भिंती दिवसभराचा ताप परत देत राहतात. बाबा दोनदा उठून बाहेर जातात आणि ओरडतात, "ओ ड्रायव्हर, गाडी बंद करा ना! माणसं झोपलीत इथे." कधी इंजिन बंद होतं, पण अर्ध्या तासाने परत सुरू होतं. कधी आतून उत्तरच येत नाही.

हे मी कित्येक वर्षं ऐकतोय. आणि गेली तीन वर्षं दिवसा हेच वाक्य मी कोडमध्ये लिहितोय.

मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, म्हणजे कशेळ्यातून, नेटवर्कची कृपा असेल तर. आमचं प्रॉडक्ट ट्रक बाळगणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. ट्रकमध्ये एक डबी बसते. ती इंजिनाकडून आणि जीपीएसकडून माहिती उचलते, सर्व्हरला पाठवते, आणि मालकाला ऑफिसात बसून कळतं की गाडी कुठे आहे, किती पळाली, किती डिझेल प्यायली. त्यात 'आयडलिंग' नावाचं फीचर आहे. नियम साधा: इंजिन चालू, वेग शून्य, पाच मिनिटं उलटली की नोंद. जास्त नोंदी झाल्या की ड्रायव्हरचा स्कोअर खाली जातो आणि त्याचं नाव लाल रंगात दिसायला लागतं. तो लाल रंग कुठल्या छटेचा असावा यावर आम्ही एका मीटिंगमध्ये वीस मिनिटं घालवली होती. त्या नावापुढे बसलेला माणूस त्या वेळी काय करत असेल यावर एक मिनिटही नाही.

माझा मामा ट्रक चालवतो. बावीस वर्षं झाली. न्हावा शेव्याहून कंटेनर उचलायचा आणि चाकण, नाशिक, कधी संभाजीनगर. गेल्या वर्षी मे महिन्यात घरी आला, जेवला, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ रे, तुझ्या लाइनीतलं दिसतंय. काय लिहिलंय?" ॲप आमचं नव्हतं, दुसऱ्या कुणाचं होतं. पण स्क्रीन बघून मला सगळं कळलं. लाल नाव, एका रात्रीचं आयडलिंग तीन तास, आणि खाली सूचना: अनावश्यक इंजिन चालू ठेवणे टाळा.

मामा म्हणाला, "त्या रात्री कळंबोलीला होतो. बनियन ओला करून अंगावर घेतला, झोप येईना. दोन वाजता एसी लावला. पाच वाजता निघायचं होतं, पुढे घाट. आता सांग, यातलं अनावश्यक काय होतं?"

मी काही बोललो नाही. मनात हिशेब करत होतो: दोन ते पाच म्हणजे १८० मिनिटं, पाच मिनिटांची मर्यादा छत्तीस वेळा. हिशेब बरोबर होता. म्हणूनच लाज वाटली.

तेव्हा माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. उभ्या ट्रकचं इंजिन रात्रभर चालणं ही ड्रायव्हरची वाईट सवय आहे, असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलंय. गावकऱ्यांनी, मालकांनी, पर्यावरणवाल्यांनी, आणि माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी. हे खोटं आहे. ते इंजिन एका न दिलेल्या खोलीचं भाडं भरतंय. ज्याला ते बंद हवंय त्याने आधी बंद इंजिनात झोपता येईल अशी सोय करावी. ती न करता स्कोअर उतरवणं ही निव्वळ दादागिरी आहे, मग ती कितीही सुंदर डॅशबोर्डवर दाखवा.

आता जरा केबिनमध्ये चढून बघू. वाचकांपैकी बहुतेकांनी ट्रकची केबिन बाहेरूनच पाहिली असणार. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या ट्रकांना पुढे नाक नसतं, केबिन थेट इंजिनावर बसलेली असते. इंजिन म्हणजे कित्येकशे किलो लोखंड. दिवसभर पळून आल्यावर त्यातलं कूलंट नव्वद अंशांच्या आसपास असतं. गाडी बंद केली म्हणून ते लोखंड लगेच थंड होत नाही, तासन्‌तास उष्णता सोडत राहतं, आणि उष्णता वर जाते. वर काय आहे? झोपायची फळी. वरून पत्र्याचं छप्पर दिवसभर तापलेलं, पुढे मोठी काच. मधे माणूस, जो झोपेतसुद्धा सत्तर-ऐंशी वॅटच्या बल्बइतकी उष्णता देतो. क्लीनर असेल तर दोन बल्ब.

मामाच्या केबिनमध्ये मी एकदा थर्मामीटर ठेवला होता, दोनशे रुपयांचा, ऑनलाइन मागवलेला. आंब्याखाली गाडी उभी, इंजिन बंद. रात्री अकराला आत ३७ अंश. दीड वाजता ३४. बाहेर त्या वेळी एकोणतीस होतं.

"मग काचा उघडा ठेवा की." हे वाक्य मी ऑफिसात किमान चार वेळा ऐकलंय, चारही वेळा एसीत बसलेल्या माणसाकडून. काच उघडी ठेवली की डास येतात. डास परवडले, पण हात येतात. मोबाइल जातो, कागदपत्रं जातात. टाकीतून पाइप लावून डिझेल काढणाऱ्या टोळ्यांचे किस्से हायवेवरचा प्रत्येक ड्रायव्हर सांगेल, आणि गेलेलं डिझेल शेवटी कुणाच्या हिशेबात लागतं तेही सांगेल. ताडपत्री कापून माल काढतात. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, आमच्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. काच बोटभर खाली घेतली तरी गादी भिजते. उत्तरेकडे किंवा मराठवाड्यात चालतो तसा पाण्याचा कूलरही इथे चालत नाही. कोकणाच्या दमट हवेत तो गारवा देत नाही, आणखी घाम देतो.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. एक चांगला नियम केलाय. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गाच्या ट्रकांना, म्हणजे साडेतीन टनांवरच्या सगळ्या मालवाहू गाड्यांना, केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. २०२३ मध्ये नितीन गडकरींनी जाहीर भाषणात सांगितलं होतं की ड्रायव्हर ४३ ते ४७ अंशांत गाड्या चालवतात आणि एसीला विरोध करणारे लोक किंमत वाढेल म्हणून ओरडतात. बरोबर बोलले. नियमाचं मी स्वागत करतो आणि त्याच दमात सांगतो की तो अर्धा आहे.

कारण या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद, एसी बंद. म्हणजे कायद्याने ड्रायव्हरला गाडी हाकताना थंडावा दिला, झोपताना नाही. दिवसभर पंचवीस अंशांत बसवायचं आणि रात्री सदतीस अंशांत टाकायचं. पूर्वी त्याच्याकडे एसीच नव्हता, त्यामुळे निवडही नव्हती. आता बटण डोक्याशी आहे, आणि ते दाबलं की मी लिहिलेला नियम जागा होतो. नव्या गाड्या जसजशा रस्त्यावर येतील तसतसं रात्रीचं आयडलिंग वाढणार, हे सांगायला डेटा सायंटिस्ट नको. आणि मग आम्ही त्याचा ग्राफ काढून मालकाला दाखवणार: बघा, ड्रायव्हर बिघडले.

आता थोडं गणित. पळवाट काढू नका, सोपं आहे आणि सगळा वाद त्यातच आहे.

उभं इंजिन तासाला किती डिझेल खातं हे इंजिन केवढं आणि एसी चालू आहे की नाही यावर ठरतं. दीड लिटर धरू. आठ तासांचे बारा लिटर. महाराष्ट्रात डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास, म्हणजे एका रात्रीचे हजार-अकराशे रुपये. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. बारा लिटरचे बत्तीस किलो. कशासाठी? शेसव्वाशे किलोवॅटचं इंजिन एका माणसाच्या झोपेसाठी फिरवायला. बैल जुंपून उसाचा एक पेला काढावा तसं आहे हे.

त्या माणसाला खरी गरज किती? इंजिनाशिवाय, बॅटरीवर चालणारा छोटा पार्किंग एसी मिळतो. तो सरासरी चारशे वॅट घेतो असं धरलं तर आठ तासांत ३.२ युनिट वीज. ही वीज ट्रकच्या नेहमीच्या बॅटऱ्यांतून काढता येत नाही. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवर असं धरलं तर कागदावर ३.६ युनिट होतात, पण त्या गाडी सुरू करायच्या बॅटऱ्या आहेत. लेड-ॲसिडची बॅटरी अशी तळापर्यंत उपसली तर सकाळी स्टार्टर नुसता 'टक्' करतो, आणि पंचवीस टन भरलेला ट्रक ढकलून सुरू होत नाही. म्हणून वेगळी लिथियम बॅटरी लागते, जी दिवसा गाडी पळताना चार्ज होईल. तिला पैसे पडतात. लाखाच्या हिशेबात पडतात. पण रात्रीचे हजार रुपये वाचत असतील तर वर्षाच्या आत-बाहेर ते वसूल होतात. बँकेच्या हप्त्यावर अख्खी गाडी घेणाऱ्याला हे गणित कळत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. कळतं. पण ते हजार रुपये आज त्याचे जातच नाहीयेत, कारण ड्रायव्हर घाम गाळून ते वाचवतोय. हे वाक्य परत वाचा. मालकाच्या दृष्टीने पार्किंग एसी हा नवा खर्च आहे, कारण जुना खर्च ड्रायव्हरच्या अंगावर आहे आणि तो कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.

बरं, एसी राहू दे. साधा चोवीस व्होल्टचा पंखा वीस वॅट घेतो. आठ तासांत ०.१६ युनिट, म्हणजे सात अँपिअर-अवरसुद्धा नाहीत. बॅटरीला पत्ताही लागणार नाही. खिडक्यांना डासांची जाळी, छताला आतून इन्सुलेशन, काचेला बाहेरून लावायचा चंदेरी पडदा. हे सगळं मिळून एखाद्या टायरच्या किमतीपेक्षा कमी. तरी मामाच्या गाडीत पंखा आहे तो मामाने स्वतःच्या पैशाने लावलेला. जाळी मामीने शिवून दिली. रात्र निम्मी तरी सुसह्य होते, पण मे महिन्यात निम्मीच. पंखा ३५ अंशांची हवा इकडची तिकडे करतो.

आणि तिसरा मार्ग, ज्याबद्दल कुणी बोलत नाही: प्लग. ट्रक उभा राहतो तिथे विजेचा सॉकेट. ३.२ युनिट, अगदी बारा रुपये दराने धरले तरी चाळीस रुपयांच्या आत. एका बाजूला हजार रुपये आणि धूर, दुसऱ्या बाजूला चाळीस रुपये आणि एक वायर. मी इंजिनियर आहे, मला या दोन आकड्यांकडे बघून झोप येत नाही, आणि माझ्याकडे तर एसी आहे.

हे काही चंद्रावरचं तंत्रज्ञान नाही. बंदरात उभ्या जहाजांनी इंजिनं बंद करून किनाऱ्यावरून वीज घ्यावी असं केंद्राच्या २०२३ च्या 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वांत आहे. रेल्वेने लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या डिझेल जनरेटरच्या डब्यांऐवजी वरच्या तारेतून डब्यांना वीज द्यायला सुरुवात केली. कर्जत स्टेशनात घाट चढायला मागे जादा इंजिनं लागतात ती आपण वडापाव खाताना बघतो. त्या इंजिनांचे लोको पायलट ड्यूटी संपवून बाहेरगावी मुक्कामाला राहिले तर त्यांच्यासाठी रनिंग रूम असते: खाट, जेवण, ठरलेली विश्रांती. जहाजाला प्लग मिळू शकतो, रेल्वेच्या डब्याला मिळू शकतो. त्याच जहाजातून उतरलेला कंटेनर ज्याच्या पाठीवर जातो त्याला मात्र मिळतो लाल स्कोअर.

मी हे दयेपोटी मागत नाही. कायद्यात होतं. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ सालचा आहे. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम, ही सर्वसाधारण मर्यादा. आणि कलम ९: कामगारांना जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतिगृह किंवा दुसरी योग्य सोय करावी, तिथे पुरेसा उजेड आणि हवा असावी, जागा स्वच्छ आणि आरामशीर ठेवावी. १९६१! माझ्या आजोबांचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. आता तो कायदा कामगारांच्या सुरक्षा आणि आरोग्याच्या नव्या संहितेत विरघळलाय. पण साठ वर्षं तो पुस्तकात होता, आणि मामाने बावीस वर्षांत मालकाने दिलेलं विश्रांतिगृह एकदाही पाहिलेलं नाही. मी विचारलं तर हसला. "विश्रांतिगृह? ते मंत्र्यांचं असतं ना?"

बरं, ट्रक रस्त्यात उभा राहतो तो ड्रायव्हरच्या मर्जीने नाही. मुंबईत, ठाण्यात दिवसा अवजड वाहनांना वेळेचे निर्बंध आहेत. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते. जोडून सुट्ट्या आल्या की द्रुतगती मार्गावर ट्रक अडवतात, कारण आपल्याला लोणावळ्याला भजी खायला जायचं असतं. (मीही जातो. म्हणून लिहितोय.) बंदरावर नंबर लागेपर्यंत थांबायचं, गोदामावर माल उतरेपर्यंत थांबायचं. थांबवण्याचा अधिकार सगळ्यांना आहे, थांबायची जागा द्यायची जबाबदारी जवळपास कुणाचीच नाही. जवळपास म्हणतो, कारण अपवाद आहेत. न्हावा शेव्याला ट्रेलरसाठी मोठा पार्किंग प्लाझा झालाय. तेल कंपन्यांनी काही पेट्रोल पंपांवर 'अपना घर' नावाने चालकांसाठी खाटा आणि बाथरूम केलीत, ॲपवर बुकिंग होतं. चांगलं आहे, वाढावं. पण एकटा ड्रायव्हर भरलेली गाडी सोडून खोलीत झोपायला जायला कचरतो. माल त्याच्या जिवावर आहे. त्याला खाट गाडीतच हवी असते, म्हणून गाडीतली खाट झोपण्याजोगी करणं हे टाळता येत नाही.

आता विरोधातलं बोलणं ऐकू, कारण ते मी रोज ऐकतो.

पहिलं: ड्रायव्हरला सवय असते. नसते. घाम सगळ्यांना सारखाच येतो. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत जवळपास निम्म्या ट्रकचालकांनी थकलेले किंवा झोप आलेली असतानाही गाडी चालवतो असं कबूल केलं. ज्याला आपण सवय म्हणतो ती ही. पहाटेच्या वेळी बोरघाटात तुमच्या कारच्या मागे येणारा ट्रक सवय झालेला माणूस चालवतोय की झोपलेला, याचा विचार करून बघा.

दुसरं: एसी दिला तर लोळत पडतील. यावर उत्तर देणं मला कमीपणाचं वाटतं.

तिसरं वजनदार आहे: छोट्या मालकाला परवडत नाही. खरंय. आपल्याकडे बहुतेक ट्रक एक, दोन, चार गाड्या असलेल्या माणसांचे आहेत. मामाच्या मालकाकडे तीन आहेत आणि तो स्वतः एक चालवतो. त्याच्यावर तोंडसुख घेणं सोपं आहे, मी घेणार नाही. भाडं तो ठरवत नाही. भाडं ठरवते ती कंपनी जिचा माल आहे, आणि ती ट्रिपचे पैसे देते, रात्रीचे नाही. गोदामाच्या गेटवर चौदा तास उभं केलं तर हॉल्टिंगचे पैसे मागायला मालकालाच धाप लागते. याच कंपन्या वर्षाच्या शेवटी चकचकीत अहवाल छापतात, त्यात हिरव्या पानाचं चित्र असतं आणि 'ग्रीन लॉजिस्टिक्स' असं लिहिलेलं असतं. आमचं सॉफ्टवेअर त्यांना त्यासाठी आकडे पुरवतं. आयडलिंग इतक्या टक्क्यांनी घटलं. हो, घटलं. कसं घटलं? कुणी तरी घामाघूम होऊन जागा राहिला म्हणून घटलं. हा कार्बन वाचवण्याचा मार्ग असेल तर उद्या ऑफिसातले एसी बंद करू आणि त्याचाही ग्राफ काढू. बघू किती लोक राजीनामा देतात.

कुणी म्हणेल, अमेरिकेत कसं कडक आहे. कॅलिफोर्नियात डिझेल ट्रकला पाच मिनिटांपेक्षा जास्त आयडलिंग चालत नाही, आणि २००८ पासून झोपायची केबिन असलेल्या ट्रकांची सवलतही काढली. बहुधा आमची पाच मिनिटं तिथूनच उचललेली आहेत. पण त्यांनी तो नियम आणला तेव्हा बाजारात केबिन थंड-गरम ठेवणारी छोटी वेगळी इंजिनं होती, बॅटरीवरचे एसी होते, काही ट्रक-थांब्यांवर प्लग होते. तेही सगळं सुरळीत झालं नाही, थांब्यांवर गार हवा आणि वीज पुरवणारी आयडलएअर नावाची कंपनी २००८ मध्येच दिवाळखोरीत गेली. तरी नियमाच्या शेजारी पर्याय उभा होता. आपण पर्याय आणला नाही. पाच मिनिटं तेवढी आणली.

इथे कुणाला वाटेल की मी इंजिन चालू ठेवायच्या बाजूने आहे. अजिबात नाही. त्या धुराच्या टोकाला माझी आई झोपते. डिझेलचा धूर माणसात कॅन्सर घडवतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्ये पहिल्या गटात टाकून सांगितलंय. आणि "आता बीएस-६ आलंय, धूर नसतो" हे अर्धसत्य आहे. बीएस-६ गाडीत नायट्रोजनचे ऑक्साइड मारणारी जी यंत्रणा असते ती चालायला एक्झॉस्ट चांगला गरम लागतो, साधारण दोनशे अंशांच्या वर. उभ्या इंजिनाचा एक्झॉस्ट तेवढा तापत नाही. म्हणजे आमच्या आंब्याखाली रात्रभर धडधडणारी नवी गाडी कागदावर बीएस-६ असते, आमच्या खिडकीपाशी नसते. शिवाय फिल्टर काजळीने तुंबतो तो वेगळाच. इंजिन बंद झालंच पाहिजे. भांडण ते बंद होण्याची किंमत कुणी द्यायची याचं आहे.

या मे महिन्यात नाक्यावर बोलणं चाललं होतं की रस्त्याकडेला बोर्ड लावायचा, इथे ट्रक उभे करू नयेत. लावला तर ट्रक दोन किलोमीटर पुढे उभे राहतील, दुसऱ्या कुणाच्या आईच्या खिडकीपाशी. त्याच आठवड्यात एका रात्री बाबा नेहमीप्रमाणे ओरडायला बाहेर गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी बघायला गेलो. ड्रायव्हर पोरगेला होता, पाथर्डीकडचा, माझ्याच वयाचा असेल. खाली उतरून बाबांशी बोलत होता. "काका, बंद करतो. पण पंख्यापुरता करंट मिळंल का? टेबल फॅन हाय माझ्याकडं, घरून आणलाय. पाठीवर पुरळ उठलंय सगळं." आणि त्याने शर्ट वर करून दाखवला.

बाबा आत आले, गणपतीच्या डेकोरेशनची पंधरा मीटरची वायर काढली, ओट्यावरच्या बोर्डात लावली आणि केबिनच्या खिडकीतून आत दिली. इंजिन बंद झालं. आईने खिडकी उघडली. आंब्यावर रातकिडे आहेत हे मला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं.

सकाळी तो निघताना बाबांना वीस रुपये द्यायला लागला. टेबल फॅनला रात्रभरात अर्धा युनिटसुद्धा लागत नाही. बाबांनी पाच रुपये घेतले, कारण फुकट दिलं तर पुढचा मागायला लाजेल, असं त्यांचं म्हणणं. आता ती वायर ओट्यावरच असते. बाबा म्हणतात चारपाच पॉइंट काढून मीटर लावू, नाक्यावरच्या पंक्चरवाल्यालाही सांगून बघू.

मी माझ्या बाजूने ऑफिसात तीन बदल मागितलेत. रात्री दहानंतर गाडी हँडब्रेकवर उभी असेल आणि बाहेरचं तापमान ठरावीक अंशांच्या वर असेल तर त्या वेळेला आयडलिंग म्हणायचं नाही, विश्रांती म्हणायचं, आणि ती ड्रायव्हरच्या स्कोअरमधून वगळायची. केबिनच्या तापमानाचा सेन्सर डबीत टाकायचा, शे-दीडशे रुपयांचा येतो. आणि आयडलिंगचा रिपोर्ट ड्रायव्हरच्या नावाने न काढता ज्या गेटवर गाडी थांबवली त्या गेटच्या नावाने काढायचा. पहिल्यावर चर्चा चालू आहे. दुसऱ्यावर "कस्टमर मागत नाही" असं उत्तर आलं. तिसरं वाचून माझ्या मॅनेजरने मला चहाला बाहेर नेलं आणि विचारलं, "ते गेटवालेच आपले सगळ्यात मोठे क्लायंट आहेत, माहितीये ना तुला?"

माहितीये. तिकीट मी अजून बंद केलेलं नाही.